पडद्यामागच्या सालोमीबाई

रविवार, १८ डिसेंबर १९४९. शिवणवर्गाला सुटी होती म्हणून वाचनालयाचा जुना सिनेमाचा पडदा उसवायला घेतला. सभागृहाच्या रंगमंचामागची भिंत वाचनालयवाल्यांनी आता पांढरी रंगवून घेतली आहे आणि चित्रे त्या भिंतीवरच दाखवतात. पडदा नुसता पडून होता. मांजरपाट अजून धड आहे, नव्या मुलींना परकर बेतायला उपयोगी पडेल, असे म्हणून मी तो मागून आणला. सहा वर्षांपूर्वी मीच तो तीन पन्ने जोडून शिवून दिला होता. दुहेरी शिवण असल्यामुळे उसवायला सकाळ गेली. कापडाच्या एका बाजूला वरपासून खालपर्यंत पाण्याचे पिवळट डाग पडलेले आहेत. ते सालोमीबाईंनी पाडलेले. धुऊन निघणार नाहीत.

सालोमीबाई पाटोळे मिशनच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी आणि भूगोल शिकवायच्या. पन्नाशी ओलांडलेल्या, उंच, हाडापेराने रुंद. पांढरे पातळ, मनगटापर्यंत बाह्यांचे पोलके आणि पायांत पुरुषी बूट. नगरच्या उन्हात त्या छत्री उघडत नसत, बगलेत धरून चालत. विचारले तर म्हणायच्या, "उघडली की वारं लागतं आणि चाल मंदावते." त्यांच्याबरोबर चालायचे म्हणजे दुसऱ्याला निम्मे धावावे लागे.

माझी त्यांची ओळख झाली ती वाचनालयाच्या चित्रपट मंडळामुळे. वाचनालयाचे चिटणीस नानासाहेब हे वकील. मुंबईला शिकताना त्यांना चांगली चित्रे बघायची गोडी लागली होती. गावातल्या थिएटरांत मारामारी आणि चमत्कार चालायचे. नानासाहेबांना ते खपत नसे. लढाईच्या दिवसांत त्यांनी महिन्यातून एका रविवारी वाचनालयात निवडक चित्रे दाखवायला सुरुवात केली. बहुतेक विलायती आणि बहुतेक मुकी, कारण बोलपट आल्यापासून मुक्या चित्रांना कुणी विचारत नव्हते आणि ती सहज मिळत. चित्र संपले की चर्चा. चर्चेशिवाय उठून जाणाऱ्याकडे नानासाहेब असे बघत, की तो पुन्हा खाली बसे.

यंत्र गुलाबभाईंचे. ते पूर्वी जत्रांतून तंबूत सिनेमा दाखवायचे. त्यांच्या तंबूत पुरुष पडद्यापुढे आणि बायका पडद्यामागे बसत. कापड पाण्याने भिजवले की चित्र आरपार दिसते. तीच पद्धत वाचनालयात आली. रंगमंचाच्या तोंडावर पडदा, पुढे सभागृहात खुर्च्यांवर पुरुष आणि मागे रंगमंचावर सतरंजीवर आम्ही बायका. नटांसाठी केलेले मागचे दार होतेच. त्यातून यायचे, त्यातूनच जायचे. कोण आले, कोण गेले, ते पुढच्यांना कळत नसे, म्हणून घरचे सोडत. खेळ दुपारी असे, म्हणजे दिवेलागणीच्या आत चुलीपाशी पोचता येई. खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार करत.

पहिल्या खेळाला आम्हांला काही उमजले नाही. चित्र मध्येच थांबे आणि इंग्रजी मजकुराची पाटी येई. आम्ही मागे, म्हणून तीसुद्धा उलटी. बायकांनी आपापसात गप्पा सुरू केल्या. तेव्हा कोपऱ्यातून एक उंच बाई उठली, पडद्याच्या कडेला जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तो तिचा नवरा नाही, भाऊ आहे. पुढे बघा." सगळ्या गप्प झाल्या. त्या दिवसापासून सालोमीबाई पडद्याच्या कडेला, त्या थेट गाव सोडेपर्यंत.

उलटी इंग्रजी त्या सुलटीसारखी वाचत. एवढ्यासाठी त्यांनी शाळेतल्या आरशापुढे पुस्तक धरून सराव केला होता. तोंडात ज्येष्ठमधाचा तुकडा. आवाज मोठा नसे, पण वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा होता. आणि त्यांचा एक नियम होता. "जे दिसतंय ते मी सांगणार नाही. दिसत नाही तेवढंच सांगेन." कुणी विचारले, "बाई, ती रडतेय का हो?" तर उत्तर यायचे, "डोळे आहेत ना तुम्हाला?"

या नियमाशी सगळ्यांत जास्त भांडल्या त्या गंगूबाई. मूळच्या काष्टीच्या. मुलगा पोलिसात, म्हणून नगरला आलेल्या. अक्षरओळख नाही, पण एकही चित्र चुकवले नाही.

"बाई, त्यो मरतो का वाचतो येवडंच सांगा. म्हंजी जीव खाली पडंल."

"मला ठाऊक आहे. सांगणार नाही."

"आवो, माजा जीव इकडं टांगलाय!"

"टांगू दे. त्यासाठीच काढलंय चित्र."

एक रीळ संपून दुसरे चढेपर्यंत पडदा पुन्हा भिजवावा लागे. वाळला की आमच्या बाजूचे चित्र पुसट होई. गुलाबभाईंचा माणूस बादलीने पाणी मारायचा, त्याने सतरंजी भिजायची. सालोमीबाईंनी मिशनच्या बागेतली पितळी पिचकारी आणली आणि ते काम स्वतःकडे घेतले. एकदा पुण्याहून कुणी प्राध्यापक आले होते. रीळ बदलताना नानासाहेब त्यांना पडद्याजवळ घेऊन गेले आणि छायाप्रकाशाबद्दल काही समजावू लागले. पिचकारीची धार पडद्यावरून पलीकडे गेली आणि दोघांच्या डोक्यांवर पडली.

"अहो बाई, हे काय?" नानासाहेब ओरडले.

"पडदा वाळला होता," पलीकडून उत्तर गेले.

"पण आम्ही इथं उभे आहोत!"

"ते मला इकडून दिसत नाही. रीळ लागलं का?"

माफीबिफी नाही. प्राध्यापकांनी रुमालाने चष्मा पुसला आणि जागेवर जाऊन बसले. आम्ही पदर तोंडात कोंबून हसत होतो. बाई हसल्या नाहीत. त्यांना हसताना मी क्वचितच पाहिले.

त्यांच्या चर्चच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी त्यांना एकदा बोलावून घेतले. विलायती चित्रांत स्त्रीपुरुष मुके घेतात आणि तुमच्यासारखी शिक्षिका ते बायकांना समजावून सांगते, हे शोभते का, असे विचारले. हे बाईंनीच मला सांगितले, माझ्याकडे पोलके टाकायला आल्या होत्या तेव्हा.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, मुका दिसतो. दिसतं ते मी सांगत नाही. नियमच आहे."

"आणि ते?"

"त्यांनी बराच वेळ विचार केला. मग प्रार्थना करू या म्हणाले. केली. बाही जरा सैल ठेवा, फळ्यावर लिहिताना ओढते."

आता एका डाव्या हाताची गोष्ट. सगळे पुढचे तिच्यातून झाले.

चित्र कुठल्याशा थंड मुलखातले होते. म्हातारी विधवा आई, एकच मुलगा, शेत ओसाड. मुलगा घर सोडून शहराला निघतो. दारात आई त्याला पाव देते. हे देणे पडदाभर मोठे करून दाखवले होते. नुसता हात, सुरकुत्यांचा, आणि त्यात पाव. पाटी नव्हती, म्हणून बाई गप्प होत्या. गंगूबाई एकदम म्हणाल्या, "डाव्या हातानं दिलं बगा! तिला त्यो परत यायला नकोय."

सगळ्यांनी पाहिले. खरेच डावा हात होता. आमच्यात कुणी डाव्या हाताने भाकरी वाढत नाही, वाटेला लागलेल्या मुलाच्या हातावर तर नाहीच. बाईंनीही निरखून पाहिले असणार, कारण पुढची पाटी वाचताना त्या म्हणाल्या, "म्हणजे हिनं त्याला मनातून टाकलेलं आहे." दिसत नाही ते सांगायचे या नियमात ते बसत होते. मग उरलेले सगळे चित्र आम्ही त्याच नजरेने पाहिले. मुलगा शहरात उपाशी राहतो, ते आईमुळे. तो आजारी पडतो, तेही आईमुळे. ती खिडकीशी बसून वाट बघते, तर ते ढोंग. गंगूबाई तिला अखंड शिव्या देत होत्या.

चर्चेच्या वेळी आम्ही मागेच बसून असायचो. बायकांचा काही प्रश्न असला तर सालोमीबाई पडद्याला वळसा घालून पुढे जायच्या आणि आमच्या वतीने विचारायच्या. त्या दिवशी पुढे बराच वेळ आईच्या मायेवर बोलणे चालले होते. ते ऐकून आम्ही चकित झालो. बाई पुढे गेल्या.

"महिलांचा प्रश्न आहे. आईची एवढी माया होती, तर तिनं पाव डाव्या हातानं का दिला?"

मग नानासाहेब म्हणाले, "डाव्या? उजव्या हातानं दिला की, बाई."

कुणीतरी मागच्या खुर्च्यांवरून म्हणाले, "पडद्यामागनं बघितलं की असंच!" आणि सभागृह हसले. मोठ्याने हसले. नानासाहेबांनी हात वर करून थांबवले, पण ते स्वतःही हसत होते.

बाई पडद्यामागे परत आल्या. पुढे कंदील लागला होता, त्याच्या उजेडात आम्ही सगळ्या त्यांच्याकडे बघत होतो. त्या म्हणाल्या, "आपण चुकलो. उजवा हात होता. इकडून सगळं उलटं दिसतं. अक्षरं उलटी दिसतात, ती मी रोज सरळ करून वाचते. माणसंही उलटी असतील, हे माझ्या मनात आलं नाही."

"मंग ती चांगली हुती म्हनायची?" गंगूबाईंनी विचारले.

"हो."

"आन् मी तिला येवड्या शिव्या घातल्या!" गंगूबाईंनी कपाळावर हात मारला. "काय गं बाई, त्या म्हातारीचं पाप लागलं मला."

मग एकेकीला आठवू लागले. मागच्या एका चित्रात सारे शिपाई डाव्या हाताने सलाम ठोकत होते. त्यांच्यात तशीच रीत असेल, असे आम्ही तेव्हा धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई माझ्या शिवणवर्गात आल्या. उभ्यानेच म्हणाल्या, "इंदूताई, बायकांना पुढे बसवायला हवं. मला जूनमध्ये संगमनेरच्या शाळेवर जायचं आहे. बदली झाली. मी गेल्यावर यांना पाट्या कोण वाचून दाखवणार? तुम्ही?"

"मला इंग्रजी येत नाही."

"मग तर पुढेच. मागे बसून पाट्याही नाहीत आणि चित्रही उलटं, असं होईल. दोन महिन्यांत सगळ्या यायच्या बंद होतील."

माझे हेच म्हणणे झाले असते, फक्त मी ते बोलून दाखवले नसते.

त्यांच्या सांगण्यावरून मीही कार्यकारिणीच्या बैठकीला गेले. नानासाहेब वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी सरळ अडचण सांगितली. "पुढे बसवलं तर घरचे पाठवायचे नाहीत. मंडळ बंद पाडायला काही लोक टपलेलेच आहेत."

"बरोबर आहे. काही जणी येणार नाहीत," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही खुर्च्या ठेवा. मोकळ्या राहिल्या तर राहिल्या."

तासभर घोळ झाला. शेवटी डावीकडच्या रांगा बायकांना द्यायचे ठरले, पण एक अट घातली. चित्र चालू असताना बोलायचे नाही. पडद्याआडून येणारा आवाज लोकांनी चालवून घेतला होता, सभागृहात तो नको. नानासाहेबांना वाटले, इथे बाई अडतील. मलाही वाटले. पाट्या न वाचता बायका काय बघणार?

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "मी बोलणार नाही."

बायकांना हे कळले तेव्हा त्या बाईंवरच उखडल्या. "मंग आमाला काय कळनार, डोंबल?" गंगूबाई म्हणाल्या. "उलटं तर उलटं, पन तुमी सांगत हुता."

"आता तुम्हीच वाचायचं."

"मी? ह्या वयात?"

"थोडेच शब्द असतात. तेच तेच परत येतात."

बदलीआधी एकच खेळ उरला होता. त्याआधीचे तीन आठवडे बाई रोज संध्याकाळी शिवणवर्गात यायच्या. माझ्या बेतायच्या फळ्यावर खडूने इंग्रजी शब्द लिहायच्या. मदर, फादर, लेटर, नाइट, वॉर, डेड. अर्थ सांगायच्या आणि पुसून टाकायच्या. मग पुन्हा लिहायच्या आणि विचारायच्या. पुढच्या चित्राची गोष्ट मात्र सांगायला तयार नव्हत्या. गंगूबाईंना फक्त 'डेड' पाठ झाला. "ह्यो एक आला की बास. बाकीचं मी तोंडं बगून वळकीन."

सगळ्यांत चटकन शिकली ती द्वारका. वीस-एकवीस वर्षांची, मोंढ्यातल्या एका दुकानदाराची सून. वर्गात परकर-पोलके शिवायला यायची आणि कधी मान वर करून बोलायची नाही. तिला एका आठवड्यात सगळे शब्द आले. मग ती बाईंना पुढचे मागू लागली. बाईंनी तिला आपले एक पहिलीचे इंग्रजी पुस्तक दिले. ते ती शिवणाच्या पिशवीत खाली, कापडाखाली ठेवून नेत असे.

खेळाच्या रविवारी दुपारी मी वाचनालयात लवकर गेले. बाई मागच्या दाराला कुलूप लावत होत्या.

"हे कशाला?"

"उघडं राहिलं तर सवयीनं इकडूनच येतील आणि मागेच बसतील."

"काही परत जातील."

"जातील," बाई म्हणाल्या आणि किल्ली पिशवीत टाकली.

तसेच झाले. बायका मागच्या बोळातून आल्या, कुलूप बघून उभ्या राहिल्या. बाईंनी पुढच्या फाटकाकडे बोट दाखवले. फाटकात पुरुष पाने खात उभे होते. कुणी हलेना. शेवटी गंगूबाईंनी पदर कमरेला खोचला, बोळातून वळून फाटकाशी गेल्या आणि म्हणाल्या, "वकीलसायेब, जरा सरका. आमच्या खुर्च्या कंच्या?" नानासाहेब बाजूला झाले. एवढेच नाही, पुढे होऊन त्यांनी खुर्च्या दाखवल्या. गंगूबाईंच्या मागे पाच-सहा जणी गेल्या. मग आणखी काही. उरलेल्या जणी बोळातून घरी वळल्या. त्यांच्यात द्वारका होती. मी तिला हाक मारली. तिने मागे पाहिले, मान हलवली आणि पिशवी पोटाशी धरून चालू लागली.

बाईंनी हे पाहिले. "चला, सुरू होईल," एवढेच म्हणाल्या.

डावीकडच्या निम्म्याहून जास्त खुर्च्या मोकळ्या होत्या. बाई माझ्या शेजारी बसल्या. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच चित्राच्या वेळी बसलेल्या मी पाहिल्या. पहिली पाटी आली. त्या बोलल्या नाहीत. दुसरी आली. मागून कुणीतरी पुटपुटले, "लेटर." दोघीतिघींनी माना हलवल्या. तिसऱ्या रिळाच्या सुमाराला माझ्या खांद्याला काहीतरी टेकले. बघते तो बाई झोपल्या होत्या. तोंड जरा उघडे, श्वास लांब. सामान बांधून झाले होते, शाळेच्या परीक्षा नुकत्याच उरकल्या होत्या. दमल्या असतील. उजवीकडच्या पुढच्या रांगेतल्या एकाने वळून पाहिले, तेव्हा मी त्यांना कोपराने ढोसले, पण त्या उठल्या नाहीत. मी नाद सोडला.

चर्चा झाली. आमच्याकडून कुणीही तोंड उघडले नाही. तेवढी धिटाई पहिल्या दिवशी कुठून येणार? बाहेर पडलो तेव्हा ऊन उतरले होते. बाईंनी छत्री बगलेत घेतली.

"शेवट काय झाला?" त्यांनी विचारले.

मी सांगणार, तोच गंगूबाई मध्ये शिरल्या. "आवो, शेवट ऱ्हाऊ द्या, आदी त्या घोडेवाल्याचं ऐका. त्यो हिचा मामा हुता बगा..." तो मामा नव्हता. पण बाईंनी त्यांना अडवले नाही. दोघी मिशनच्या रस्त्याला लागल्या. गंगूबाई हातवारे करत होत्या, मध्येच थांबून रस्त्यातच कुणी कसे पडले ते करून दाखवत होत्या, आणि बाई, ज्या कुणासाठी चाल मंद करत नसत, त्यासुद्धा थांबत होत्या. वळणापर्यंत त्या दिसल्या. नंतर मला त्या दिसल्या नाहीत. बुधवारी त्यांची संगमनेरची मोटार होती. मी निरोपाला गेले नाही, शाळेचे गणवेश वेळेत द्यायचे होते.

खेळाच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळी मात्र वर्ग उघडायच्या आधी मी मोंढ्यात गेले. द्वारकाच्या सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी तिथेच बसले आणि सांगितले, की पुढच्या महिन्यापासून वाचनालयात द्वारका मला बरोबर हवी आहे. न्यायला येईन आणि पोचवून जाईन.

"बाप्यांच्यात बसायचं?" त्यांनी सुपातून मान वर केली नाही.

"माझ्या शेजारी बसायचं."

"एवढं काय अडलंय तुमचं तिच्यावाचून?"

"मला इंग्रजी येत नाही. पाट्या वाचून कानात सांगायला कुणीतरी लागतं. सालोमीबाई चालल्या संगमनेरला."

त्यांचा हात सुपात थांबला. "आमच्या द्वारकाला इंग्रजी येतं?"

"विचारा तिला."

त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली. द्वारका कणकेच्या हातांनी दारात आली. मला बघून तिचा चेहरा उतरला. माझ्याजवळ बेतायचा खडू होता. मी ओट्याच्या फरशीवर 'मदर' हा इंग्रजी शब्द लिहिला, जसा बाई लिहायच्या तसा, आठवून आठवून, आणि तिच्याकडे पाहिले.